कटिंग मास्तरांची झोप

आमच्या दुकानात मी काजं-बटणं करते. एकोणीस वर्षं झाली. माझं मशीन भिंतीला लागून आहे आणि बरोब्बर समोर कटिंगचं लांबलचक टेबल. त्यामुळे या एकोणीस वर्षांत मी माझ्या नवऱ्यापेक्षाही जास्त ज्याचं तोंड पाहिलं, तो माणूस म्हणजे आमचे कटिंग मास्तर. आणि त्यातला बराच वेळ ते तोंड झोपलेलं असायचं.

मास्तर उंच, किडकिडीत, चेहरा लांबट. पापण्या अशा खाली आलेल्या, की जागे असले तरी नवख्या माणसाला वाटावं, यांना आता कुणीतरी उशी द्यायला हवी. पण हाताला तोड नव्हती. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे, हे मास्तरांनी टिपलेलं असायचं. टेप नंतर, केवळ रीतीसाठी. कापड असं बसवायचे, की कापून झाल्यावर टेबलाखाली चिंध्यासुद्धा मोजक्याच पडायच्या.

सकाळी आले की कोट खुंटीला लावायचे, मोठी कात्री उचलायचे आणि हवेतच तिची तीस-चाळीस वेळा उघडझाप करायचे. खचक, खचक, खचक. आम्ही आपसात म्हणायचो, मास्तर कात्रीला जागं करतायत. आम्हाला ती त्यांची ऐट वाटायची. थंडीच्या दिवसांत हा प्रकार जरा जास्तच चालायचा.

आणि मग झोप. मास्तर न्हाव्याच्या खुर्चीत झोपायचे. दाताच्या डॉक्टरकडे, तोंडाचा आ वासून झोपायचे. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या, "आमच्या लग्नाच्या फोटोत बघा. फोटोग्राफर म्हणाला, डोळे उघडा. हे म्हणाले, उघडेच आहेत." दुकानात जेवण झालं की त्यांची मान खाली, चार वाजले की मान खाली, आणि कुणी गिऱ्हाईक जास्त वेळ बोलत राहिलं तर मधेच मान खाली. गिऱ्हाइकाला वाटायचं, मास्तर होकार देतायत.

मी एकदा विचारलं, "मास्तर, रात्री झोप लागत नाही का तुम्हाला?"

"लागते की. नऊ-नऊ तास." मला ते बटणबाई म्हणतात. "बटणबाई, मला झोप येत नाही, ती माझ्यावर पडते. वरच्या फळीवरून कापडाचा तागा अंगावर पडावा तशी. आता यात मी काय करणार?" मग जरा ओशाळून हसले. "आमच्या घराण्यातच आळस आहे. बाबांना तीनदा कामावरून काढलं. छापखान्यात होते. यंत्राशी उभे असले तर ठीक, बसवलं की संपलं. शेवटी घरीच बसले आणि खुर्चीतच गेले. चोपन्नाव्या वर्षी."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, घराण्यात कुणाचं नाक मोठं असावं तसं. आम्हीही तसंच घेतलं. मालकीणबाई तेवढ्या कुरकुरायच्या. पण असा कटर दुसरीकडे मिळणार नव्हता, आणि हे त्यांना आमच्याहून चांगलं ठाऊक होतं.

मग बँडच्या कोटांचं काम आलं.

चोवीस कोट, गडद लाल लोकरी कापडाचे. मास्तरांनी चोवीस थर एकावर एक अंथरले, वरच्या थरावर खडूनं आखणी केली आणि कापायला घेतलं. दोन दिवसांनी शिलाईवाल्यानं डावी बाही हातात घेतली, उजवीशी लावून पाहिली आणि म्हणाला, "मास्तर, या बँडवाल्यांचे डावे हात आखूड आहेत का?"

सगळ्या डाव्या बाह्या चार बोटं आखूड होत्या. चोवीसच्या चोवीस. खडूची रेघ सरळ जाता जाता मधेच खाली घसरली होती आणि मास्तरांनी तिच्यावरून इमानेइतबारे कात्री चालवली होती. रेघ काढताना त्यांना पेंग आली होती. उभ्या-उभ्या! डोळे उघडल्यावर ती रेघ समोर दिसली, तेव्हा त्यांना वाटलं की ती आपणच विचार करून काढली.

मास्तरांचा चेहरा मला अजून आठवतो. ते एक बाही हातात धरून बसले होते आणि ती त्यांच्या हातातून सुटत नव्हती. मला वाटलं, धक्क्यानं.

मालकीणबाईंनी चष्मा वर केला, बाह्या पाहिल्या. त्या म्हणाल्या, "उजव्या बाह्या डाव्यांएवढ्या करा आणि काळ्या मखमलीचे कफ लावा. दोन्ही बाह्यांना." मग मास्तरांकडे वळल्या. "आणि तुम्ही. महिनाभर ऐकतेय, खडू पुसट दिसतो, खडू पुसट दिसतो. डोळे दाखवून या. उद्याच. ते दाखवल्याशिवाय माझ्या कापडाला हात लावायचा नाही."

कफ छान दिसले. बँडवाल्यांना आजतागायत काही कळलेलं नाही. पण मास्तरांच्या मनाला ते फार लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच झोपेनं त्यांच्या कामाला हात लावला होता.

दुसऱ्या दिवशी ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. वहिनी सोबत होत्या, म्हणून पुढचं मला साग्रसंगीत कळलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वय काय तुमचं?"

"चव्वेचाळीस."

"लवकर आहे. पण काढू, काळजी नको." मग निघताना डॉक्टरांनी हात पुढे केला. मास्तरांनी तो हातात घेतला. डॉक्टरांनी हात सोडला, मास्तरांनी सोडला नाही. मास्तर हसत होते, डॉक्टर हसत होते आणि हात तसाच. वहिनी म्हणाल्या, "अहो, सोडा की त्यांचा हात, दुसरे पेशंट बसलेत."

"सोडतोय," मास्तर म्हणाले. "थंडीत जरा वेळ लागतो."

डॉक्टरांचं हसू थांबलं. त्यांनी हात काढून घेतला नाही, उलट मास्तरांची बोटं एकेक करून उलगडताना नीट बघत राहिले. "हे नेहमी होतं?"

"लहानपणापासून. हालचाल करत राहिलं की मोकळं होतं. म्हणून तर मी सकाळी कात्री हलवून घेतो."

"दिवसा झोप येते?"

यावर वहिनी इतक्या मोठ्यानं हसल्या की बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावले. पण डॉक्टर हसले नाहीत. ते पुन्हा खुर्चीत बसले आणि चिठ्ठी लिहायला लागले.

चिठ्ठी होती मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांच्या नावे. या डॉक्टर म्हणजे एक बुटक्याशा बाई. त्यांनी छोट्या हातोडीनं मास्तरांच्या अंगठ्याखालच्या गादीवर टकटक केलं. अंगठा आपोआप तळहातात वळला आणि अगदी सावकाश, जडपणे जागेवर आला. मग त्यांनी घरच्या सगळ्यांची चौकशी केली. बाबा, आत्या, ताई. कागदावर पुरुषांचे चौकोन आणि बायकांचे गोल काढून रेघांनी जोडले. बाबा खुर्चीत गेले हे ऐकल्यावर त्यांनी तो चौकोन दोनदा गिरवला.

रक्ताच्या तपासणीचा निकाल यायला काही आठवडे लागले. आजाराचं नाव लांबलचक होतं, मायोटॉनिक डिस्ट्रॉफी. मास्तरांनी ते मापांच्या वहीत लिहून आणलं होतं आणि आम्हाला वाचून दाखवलं. आई किंवा बापाकडून येणारा, क्वचित आढळणारा आजार. स्नायू आवळतात आणि लवकर सुटत नाहीत, हळूहळू अशक्त होतात, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो, हृदयाचे ठोके चुकू शकतात. आणि मेंदूतला जागं राहण्याचा भाग नीट चालत नाही, म्हणून दिवसा झोप.

"म्हणजे ही झोपसुद्धा त्यातलीच?" मी विचारलं.

"त्यातलीच." मास्तरांनी वही मिटली. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, वाटतही असेल. पण मी शपथेवर सांगते, तो माणूस त्या दिवशी उंच झाल्यासारखा दिसत होता.

झोप किती आणि कशी, हे बघायला त्यांना एक रात्र आणि पुढचा अख्खा दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. रात्रीचं काही त्यांना सांगता येईना, कारण झोपले होते. दिवसाची गोष्ट मात्र त्यांनी आम्हाला चार वेळा सांगितली. डोक्याला वायरी चिकटवलेल्या, आणि दर दोन तासांनी एक मुलगी यायची, पडदा ओढायची आणि म्हणायची, "आता झोपा." पाच वेळा.

"बटणबाई, चव्वेचाळीस वर्षांत मला कुणी झोपा म्हणालं नव्हतं. सगळे उठाच म्हणायचे."

"मग लागली का झोप?"

"पाचही वेळा. दोन मिनिटांच्या आत. ती मुलगी म्हणाली, आमच्याकडे इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग क्वचितच मिळतं." हे सांगताना त्यांची कॉलर ताठ झाली होती.

रात्रीच्या तपासणीत आणखी एक निघालं. झोपेत त्यांचा श्वास उथळ पडत होता, छातीचे स्नायूही दमत होते. म्हणून रात्री लावायला नाकावरचा मास्क आणि छोटं यंत्र दिलं. पहिला आठवडा दोघांच्याही झोपेचं खोबरं झालं. वहिनी म्हणाल्या, शेजारी कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरतंय असं वाटतं. पण सकाळचं डोकं दुखणं थांबलं. ते रोज दुखायचं हेसुद्धा आम्हाला ते थांबल्यावर कळलं. त्यांना वाटायचं, सगळ्यांचंच दुखतं. हृदय तपासून झाल्यावर डॉक्टरांनी सकाळी घ्यायची जागं राहण्याची एक गोळीही सुरू केली. ती म्हणजे काही जादू नव्हती. झोप गेली नाही, पण आता पडण्याआधी सूचना द्यायला लागली.

मालकीणबाईंना मास्तरांनी सगळं सांगितलं तेव्हा मी मशीन बंद करून ऐकत होते. खोटं कशाला बोलू. मास्तर म्हणाले, "मी स्वतःहून सोडतो काम. पुन्हा बाह्या आखूड झाल्या तर?"

मालकीणबाई म्हणाल्या, "झोपणारा कटर मला चालतो. चुकणारा चालत नाही. डॉक्टर काय म्हणतात, कधी झोपायचं?"

"साडेबारा आणि चार. वीस-वीस मिनिटं."

"मग साडेबारा आणि चार." त्यांनी पुठ्ठा घेतला आणि स्वतःच्या हातानं पाटी लिहिली: मापे साडेचारनंतर. विजेवर चालणारी कापायची सुरीही आणली, म्हणजे बोटांना कात्रीइतका जोर नको. आखणी झाली की दुसऱ्या कुणीतरी रेघ बघायची, मगच कापायचं, असा नियम केला. दुसरं कुणीतरी म्हणजे मी. अशी मला बसल्या जागी बढती मिळाली.

झोपायची जागा ठरली कटिंग टेबलाच्या खाली. गोधडीसारख्या जाड कापडाचे चार थर अंथरून. पहिल्या दिवशी आम्ही त्यांची झोप मोडू नये म्हणून सगळी मशिनं बंद केली आणि चिडीचूप बसलो. पाच मिनिटांत टेबलाखालून आवाज आला, "काय झालं? वीज गेली का?" शांततेनं त्यांना जाग आली होती. तेव्हापासून मशिनं चालूच असतात.

हे सगळं मार्गी लागत होतं, पण ताईचं काय करायचं हा प्रश्न होता.

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. वाचनालयात कामाला. मास्तर जितके ढिले तितक्या त्या कडक. घरात सहा गजराची घड्याळं. कधी बसून बोलायच्या नाहीत, खुर्ची दिली तरी तिच्या पाठीला हात लावून उभ्याच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बहिणीलाही तपासायला हवं, विशेषतः हृदय. मास्तरांनी फोन केला तर ताई तडकल्या. "आजारबिजार काही नाही. आपल्या घरात आळस आहे. मी तो घालवला, तू नाही घालवलास." फोन ठेवून दिला.

दहा-बारा दिवसांनी त्या दुकानात आल्या. दुपारची वेळ, मास्तरांची झोप नुकतीच झालेली, केसांना लोकरीचे धागे चिकटलेले. ताई टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "माझ्याही हातातून बरणीचं झाकण सुटत नाही. मी सगळ्यांना संधिवात सांगते. आणि दुपारी पुस्तकांच्या मागच्या खोलीत जाऊन झोपते. दार लावून. बावीस वर्षं."

मास्तरांनी स्टूल पुढे सरकवलं. आणि ताई बसल्या.

"बाबांना मी काय बोलले होते, तुला ठाऊक आहे? शाळेच्या बक्षीस समारंभात ते पहिल्या रांगेत घोरले. सगळी शाळा हसली. मी चौदा वर्षांची. त्यांना म्हणाले, पुढच्या वेळी तुम्ही येऊच नका. आणि ते कधीच आले नाहीत."

"आले होते," मास्तर म्हणाले.

"कधी?"

"दर वर्षी. मला घेऊन यायचे. आम्ही फाटकाबाहेर उभे राहायचो, तिथून खिडकीतून स्टेज दिसायचं. मी म्हणायचो, बाबा, आत बसू या. ते म्हणायचे, नको, बसलो की डोळा लागतो, उभ्यानं मला तिचं सगळं बघता येतं. तुझं नाव पुकारलं की टाळ्या वाजवायचे. टाळ्या झाल्या की तुझ्या आधी घरी पोचायला आम्ही पळत सुटायचो."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. आणि मग मोठं झाल्यावर... मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

ताई रडल्या नाहीत. बराच वेळ टेबलावरच्या कापडाचा काठ सरळ करत राहिल्या, तो सरळच होता तरी. मी मशीनवर एकाच शर्टाला दोन काजं जास्त पाडली. मग ताई म्हणाल्या, "कुठं आहे तो तुझ्या डॉक्टरचा दवाखाना?"

बरं झालं गेल्या. त्यांचे ठोके मधेच इतके रेंगाळत होते, की डॉक्टरांनी त्यांना त्या दिवशी घरी सोडलंच नाही. आठवड्याच्या आत पेसमेकर बसवला. डॉक्टर म्हणाल्या, वडील बहुधा यानंच गेले असावेत. ताई आता ठणठणीत आहेत आणि भावाला पूर्वीइतक्याच रागावतात. वाचनालयातल्या मागच्या खोलीत त्यांनी उघडपणे एक आरामखुर्ची मागून घेतली.

मास्तरांच्या मुलीचा प्रश्न उरतो. ती बावीस वर्षांची आहे, नकाशे काढायचं शिकते. आजार तिच्यात असण्याची शक्यता निम्मी-निम्मी, आणि पुढच्या पिढीत तो लवकर उगवतो म्हणतात. डॉक्टरांनी तिला सगळं समजावलं, तपासणी करायची की नाही हे तिच्यावर सोडलं. ती मास्तरांना म्हणाली, "बाबा, हृदयाची तपासणी मी दर वर्षी करून घेईन. बाकीचं मला जेव्हा जाणून घ्यायचं असेल तेव्हा विचारीन. चालेल?" मास्तर म्हणाले, चालेल. नंतर मला म्हणाले, चालत नाही, पण चालवून घेतो. ती त्यांची एकच काळजी आहे आणि ती ते लपवत नाहीत.

मागच्या वर्षी त्या नसांच्या डॉक्टरबाईंनी या आजाराच्या कुटुंबांना एकत्र बोलावलं. दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये, दुपारी दोनला. मास्तर, वहिनी, ताई गेले, आणि मला म्हणाले, बटणबाई, तुम्हीही घरच्याच. पंधरा-सोळा घरं असतील. लोक आले, एकमेकांशी हात मिळवले आणि पंचाईत झाली. कुणाचाच हात सुटेना. दाराशी जोड्याजोड्यांनी माणसं हात धरून उभी, पुढच्यांना आत जायला वाट नाही. मग एक आजोबा हसायला लागले, आणि बघता बघता सगळा हॉल हसत सुटला. तिथं कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग भाषण सुरू झालं. विषय होता झोप. दुपारची वेळ, पडदे ओढलेले, भिंतीवर चित्रं. वीस मिनिटांत निम्मा हॉल गाढ. डॉक्टर थांबल्या नाहीत, फक्त आवाज हलका केला, आणि जागे होते त्यांच्यासाठी पुढचं सांगत राहिल्या.

मास्तर जागे होते. गोळी होती आणि निघण्याआधी टेबलाखालची वीस मिनिटं झाली होती. ते भाषण ऐकत नव्हते. मान वळवून ते लोकांकडे बघत होते. ते हसरे आजोबा, एक तरुण बाई, आणि शेजारी ताई. सगळे गाढ झोपेत; ताईंची मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर पालथे. मास्तरांनी स्वतःला झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं, कोण पाहतं? आणि बाबांना पाहिलं होतं ते मुलाच्या नजरेनं, शरमेनं.

"किती थकलेली दिसतात ही माणसं," ते मला कानात म्हणाले. "आळशी माणूस असा दिसत नाही, हो ना?"

"नाही दिसत," मी म्हटलं.

ताईंची पर्स मांडीवरून घसरत होती. मास्तरांनी ती हळूच काढून घेतली, स्वतःजवळ ठेवली आणि डॉक्टर पुढे काय सांगतात ते ऐकायला लागले. ताईला संध्याकाळी सगळं सांगायचं होतं.